एमआर-टू मागून का फिरते? नागपुरातल्या गॅरेजमधल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली आणि काकांनी शेवटी किल्ली दिली. गाडी टोयोटा एमआर-टू, पहिल्या पिढीची, म्हणजे जिला एडब्ल्यू-११ म्हणतात ती. १९८८ सालची, इंग्लंडात विकलेली, म्हणून स्टिअरिंग उजवीकडेच. काका तिकडची नोकरी सोडून परतले तेव्हा सामानसुमानासोबत तीही आली. १५८७ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं ४ए-जीई इंजिन सीटच्या पाठीमागे आडवं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, छतावर काढता येणाऱ्या दोन काचा.

इंजिनाची तब्येत ठणठणीत आहे. तक्रार एकच, आणि ती घरात सगळ्यांना तोंडपाठ: ही मागून फिरते. इंग्लंडात ओल्या राउंडअबाउटवर काकांची गाडी एकदा अशी फिरली की आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. तेव्हापासून वळणात जरा काही वाटलं की ते ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात. मधल्या इंजिनाच्या गाडीत नेमकं तेच करायचं नसतं.

एवढंच शोधायचंय: त्या फिरण्यात गाडीचा स्वभाव किती आणि जुन्या रबराचा दोष किती. माझी पैज रबरावर. रंग, सीट, टेप यांबद्दल इथे अवाक्षर लिहिणार नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या धर्मकाट्यावर नेली. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. टाकी अर्धी, मी आत बसलेलो. पुढे ४८०, मागे ६१०, एकूण १०९० किलो. काटा दहा किलोच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे फार बारीक हिशेब नको. साधारण ४४ टक्के पुढे, ५६ मागे. काट्यावरचा पोरगा बुचकळ्यात: "खाली गाडी काऊन तोलून राहिले भाऊ? तेही अर्धी अर्धी?"

मागे वजन जास्त, पण चारही टायर एकाच मापाचे, १८५/६० आर १४ (१८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी). टोयोटानेच दिलेले. म्हणजे मागच्या टायरांना जास्त ओझं उचलून तेवढ्याच रुंदीवर पकड धरायची आहे. पुढची पिढी, एसडब्ल्यू-२०, १९८९ मध्ये आली तेव्हा मागे २०५ चे टायर होते. ती हातातून निसटते अशी बोंब झाल्यावर काही वर्षांतच टोयोटाने सस्पेन्शन बदललं, १५ इंची चाकं दिली आणि मागचा टायर २२५ केला. कंपनीला कळलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्यापासून अक्कलहुशारीने केली. पेट्रोलची टाकी दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात आहे, गाडीच्या जवळपास केंद्रात. टाकी भरलेली असो की रिकामी, पुढचं-मागचं प्रमाण फारसं हलत नाही. लॅम्बोर्गिनी मिउराची टाकी पुढे होती. पेट्रोल संपत आलं की तिचं नाक हलकं व्हायचं, आणि तेही बरोबर वेगात.

२४ नोव्हेंबर २०२४

असले प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर करायचे नाहीत हे ठरलेलं. बेसा-पिपळ्याच्या पुढे मित्राच्या ओळखीतला एक लेआउट आहे: डांबरी रस्ते झालेत, मधोमध मोठा डांबरी चौक आहे, प्लॉट विकायचे बाकी. मालकाची परवानगी घेतली, चौकीदाराला चहा पाजला, गिट्टी झाडून काढली. फक्कीने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं, शाळेच्या मैदानावर कबड्डीचं आखतात तसं.

वर्तुळावर एकाच वेगात फिरत राहायचं आणि पायाने काय होतं ते बघायचं. ३५ च्या आसपास गाडी छान बसते. आणखी थोडा ॲक्सिलरेटर दिला की नाक हळूहळू बाहेर सरकतं, स्टिअरिंग हलकं होतं. हे चांगलं लक्षण, गाडी आधी पुढून सांगते. मग एकदम पाय उचलला. वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर.

असं का, ते बादल्यांवरून लवकर कळतं. दोन भरल्या बादल्या हात लांब करून धरल्या तर गिरकी घेणं जड जातं, छातीशी धरल्या तर सोपं. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, माणसं, सगळं मधोमध आणलं की गाडी स्वतःभोवती फिरायला कमी जोर लागतो. म्हणून ती वळणात झटकन शिरते, आणि फिरायला लागली तर तेवढ्याच झटकन फिरते. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबमने मागे इंजिन असलेल्या कूपरमधून फॉर्म्युला वनचं विजेतेपद घेतलं त्यानंतर रेसवाल्यांनी पुढचं इंजिन सोडूनच दिलं, ते या शिरण्यासाठी.

पण आज यापेक्षा मोलाचं काहीतरी सापडलं. उजवीकडे फिरताना पाय उचलला की शेपूट फटकन निघतं, स्टिअरिंग उलटं फिरवून सावरलं की दुसऱ्या बाजूला झोकांडी जाते. डावीकडे फिरताना तोच वेग, तोच पाय, आणि प्रकरण कितीतरी सौम्य. स्वभाव असता तर दोन्हीकडे सारखा दिसला असता. खाली काहीतरी वाकडं आहे.

टायरवर कारखान्याचा शिक्का बघितला: २३०९. म्हणजे २००९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर लाकडासारखं. बघणारा म्हणेल टायर मस्त आहेत.

३० नोव्हेंबर २०२४

मिस्त्रींच्या गॅरेजात, रॅम्पवर. मिस्त्रींनी मागचं झाकण उघडून इंजिन बघितलं, मग सीट बघितल्या, मग पुन्हा इंजिन. "म्हणजे ओम्नीच नं हे. तिचंही बुडाखालीच राह्यते."

खरं आहे. पुढच्या ॲक्सलच्या मागे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद, या व्याख्येने भारतातल्या लाखो लोकांनी मधल्या इंजिनाची गाडी चालवली आहे, शाळेची मुलं आणि गॅस सिलिंडर कोंबून.

मग खाली गेलो. या गाडीला मागेही पुढच्यासारखेच मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकाच उभ्या खांबात. चाकाला तीन गोष्टी धरून ठेवतात: खालचा आडवा आर्म, पुढे जाणारी एक दांडी, आणि टाय रॉडसारखा एक लिंक, जो चाकाचा टो ठरवतो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलेलं ते. मिस्त्रींनी छोटी सब्बल घालून डाव्या मागच्या चाकाची पुढची दांडी हलवली. बुशमध्ये, म्हणजे दांडीच्या टोकाच्या रबरी सांध्यात, रबर नावालाच उरलं होतं. चाक बोटभर मागे-पुढे झालं, आणि मागे जाताना त्याचं तोंड बाहेर वळलं. टाय रॉड एंडही ढिला. उजवीकडचा बुश तडकलेला, पण धरून होता.

हे नीट बघितलं की सगळा उलगडा होतो. ॲक्सिलरेटर दिला की मागचं चाक गाडीला पुढे ढकलतं, बुश पुढे दाबला जातो, टो आत. पाय उचलला की इंजिनाचा ब्रेक चाकाला मागे ओढतो, बुश मागे जातो, टो बाहेर. म्हणजे वजन पुढे गेल्यामुळे मागची पकड आधीच कमी झालेली असताना, नेमक्या त्या क्षणी चाक स्वतःहून बाहेरची वाट धरतं. उजव्या वळणात सगळं ओझं बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर. आणि डावंच जास्त ढिलं. वर्तुळावर दिसलेला फरक हाच.

"काकासाहेब इतके दिवस याच्यावर चालवून राहिले होते?" मिस्त्री म्हणाले. "देवाची कृपा म्हणायची."

१५ डिसेंबर २०२४

बाहेरून मागवलेलं सामान आलं. कस्टमच्या पावतीबद्दल बोलायला नको. नवे टायर त्याच मापाचे, ते इथेच मिळाले.

मिस्त्रींचा प्रस्ताव होता की एस्टीमचा बुश घासून बसवू, "सेम टू सेम". नको म्हटलं. त्यांचा अनुभव दांडगा आहे, पण रबराचा कडकपणा डोळ्याने दिसत नाही, आणि सगळा खेळ त्या कडकपणाचाच. पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे, बुशही घेतले नाहीत. ते ट्रॅकवर ठीक. आपल्या सिमेंट रस्त्यांचे सांधे, स्पीडब्रेकर आणि खोदून बुजवलेले पट्टे यांचा प्रत्येक दणका ते थेट पाठीत पोचवतात, वर्षभरात कुरकुरायला लागतात. टोयोटाने रबर दिलं, लोटस या इंग्लिश स्पोर्ट्स कार कंपनीच्या रॉजर बेकरसारख्या माणसाने हात फिरवून ही गाडी बसवली, तेव्हा तेही रबरावरच. मला मूळची गाडी कशी होती ते बघायचंय.

जुने बुश लेथवाल्याकडे प्रेसवर काढले. बसवताना एक गोष्ट मिस्त्रींकडून हट्टाने करून घेतली: बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीवर. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि दोन-चार महिन्यांत फाटतं. खड्ड्यात उतरून, पडून, आवळायला अडचण होते म्हणून बहुतेक ठिकाणी हे टाळतात.

२२ डिसेंबर २०२४

अलाइनमेंट. शहरातल्या एका चकचकीत सेंटरला गेलो. यंत्राच्या यादीत ही गाडी नाही, ते समजू शकतो. पण "मागचं अलाइनमेंट नसतेच भाऊ" हे ऐकून परत फिरलो. त्याचंही बरोबर आहे म्हणा, त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या मागे बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा सलग दांडा, असतो, तिथे फिरवायला काही नसतंच.

म्हणून घरी, दोऱ्याने. चार स्टँड, दोन्ही बाजूंना गाडीला समांतर ताणलेला पातळ नायलॉनचा दोरा, स्टीलची पट्टी. पुढचा आणि मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, जवळजवळ सारखा असल्यामुळे चारही चाकांच्या मध्यापासून दोऱ्याचं अंतर सारखं ठेवलं की चौकट बसते. मग प्रत्येक रिमची पुढची कड आणि मागची कड मोजायची. फरक म्हणजे टो. सपाट जमीन हवी, म्हणून पार्किंगमधल्या फरशीवर पाण्याची नळी धरून लेव्हल बघितली. शेजाऱ्यांना वाटलं बांधकाम काढतोय.

नवे बुश, नवे एंड, तरी मागचा लिंक जुन्याच मापावर होता, त्यामुळे वाकडेपणा स्वच्छ दिसला: डावं मागचं २ मिलिमीटर बाहेर, उजवं ४ आत. दोन्ही चाकं उजवीकडून डावीकडे रोखलेली. म्हणजे गाडी सरळ जाताना किंचित तिरपी चालत होती आणि स्टिअरिंग त्याची भरपाई करत होतं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा आडवा दांडा कधी सरळ दिसायचा नाही, त्याचं कारण हे.

मागे दोन्ही बाजूंना २ मिलिमीटर आत केलं. पुढे शून्याच्या जवळ. हवा पुढे २६, मागे ३०.

५ जानेवारी २०२५

पुन्हा लेआउट. फक्की नव्याने. कोरड्यावर आधी.

उजवं आणि डावं आता एकसारखं. पाय एकदम उचलला की नाक आत वळतं, शेपूट थोडं मागोमाग येतं आणि थांबतं. थांबतं! ॲक्सिलरेटर जरासा परत दिला की मागचा भाग बसतो, जणू काही झालंच नाही.

मग टँकर बोलावला. चौकीदाराला आता खात्री झाली आहे की आम्ही वेडे आहोत. वर्तुळ भिजवलं, वेग तिशीच्या आसपास आणला. ओल्यावर ती अजूनही फिरू शकते. पाय झटक्यात उचलला आणि हात बावरले तर गाडी अर्ध्या क्षणात आडवी. पण आता आधी कळतं, आणि कळायची जागा स्टिअरिंग नाही, कंबर आहे. सीट मागच्या ॲक्सलच्या बऱ्यापैकी जवळ, त्यामुळे मागचं सरकणं हाताला समजायच्या आधी बुडाला समजतं. जुन्या टायरांवर हा निरोप पोचायचाच नाही. सरकायला लागली आणि फिरली या दोन गोष्टींमध्ये अंतरच नव्हतं.

पैजेचा निकाल माझ्या मते असा: जो राग होता तो रबराचा, जो उरला तो स्वभाव. तो मी काढणार नाही. मागे टो आणखी आत घालून, पुढे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) टाकून हिला पुढून सरकणारी, सुरक्षित आणि मंद करता येईल. मग कोणतीही सेडान घ्यावी.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. गाडी कव्हरखाली. छताच्या काचा काढून फिरण्यासारखी हवा आहे, पण शहरभर नायलॉन मांजा लोंबतोय. उघड्या छताने आज बाहेर पडायची हिंमत नाही.

६ फेब्रुवारी २०२५

जामठ्याला भारत-इंग्लंड मॅच. वर्धा रोडकडे फिरकायचंही नाही. गाडी धुतली.

१६ फेब्रुवारी २०२५

चिखलदरा. पहाटे अंधारात निघालो, अमरावतीमार्गे परतवाडा, तिथून वर. एका बाजूचं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

घाटाआधी एक तक्रार. हायवेवर ही गाडी करमणुकीची नाही. नाक हलकं, त्यामुळे ट्रकच्या शेजारून पुढे निघताना वाऱ्याचा धक्का स्टिअरिंगला बसतो. मागच्या आठवड्यात समृद्धीवर थोडं जाऊन आलो होतो: काँक्रीटचा सरळसोट पट्टा, टायरांचा एकसुरी आवाज. गाडी आता दांडा सरळ ठेवून नाकासमोर जाते, एवढी एकच माहिती तिथे मिळाली.

घाटात मात्र दुसरंच जनावर. पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमध्ये खांदे भरून येतात, पण चाकं फिरायला लागली की ते वजन निघून जातं आणि उरते ती निव्वळ बातमी. डांबराची जात बदलली की कळतं. रस्त्याचा उतार आतल्या बाजूला आहे की बाहेर, ते डोळ्यांआधी तळव्यांना कळतं. एका उजव्या वळणावर सावलीत दव होतं. पुढची चाकं त्यावर गेली तेव्हा स्टिअरिंगमधला ताण धाग्याएवढा सैल झाला, मग परत आला. मी काहीच केलं नाही. करायची गरजही नव्हती.

पद्धत अशी बसली. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधीच संपवायचा. वळताना पाय रिकामा ठेवायचा नाही. ॲक्सिलरेटर केसभर दाबलेला, म्हणजे वेग वाढत नाही पण मागची चाकं जमिनीवर दाबलेली राहतात. वळणाचं टोक दिसलं की हळूहळू द्यायचं. वेग फार नव्हता, तिशी-चाळिशीच. घाट अरुंद, समोरून एसटी येते, कडेला गुरं. पण या गाडीत चाळीसलाही भरपूर काही घडत असतं. हल्लीच्या दुप्पट ताकदीच्या गाड्यांत तेवढी जाग यायला ज्या वेगाची गरज लागते तो आपल्या घाटात काढताच येत नाही.

उतरताना ब्रेकचा हलकासा दाब वळणात थोडा पुढेपर्यंत नेऊन बघितला. नाक सुरीसारखं आत. पण पाय ब्रेकवरून सोडण्यात जरा जरी घाई झाली तरी मागून कुजबुज येते. उतारावर वजन आधीच पुढे असतं, म्हणून हे उतरताना जपून.

गिअर मात्र वैताग. इंजिन मागे, त्यामुळे गिअरचा दांडा लांब केबलीतून काम करतो, आणि तिच्या टोकाचे बुश गेलेत. तिसऱ्यातून दुसरा टाकताना खिचडी ढवळल्यागत होतं.

९ मार्च २०२५

ऊन तापायला लागलं. कूलंट बदललं. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये गाडीच्या पोटाखालून गेलेले लांब पाइप. त्यात हवा अडकली तर काटा ठीक दाखवतो आणि इंजिन शिजतं. रेडिएटरवर आणि हीटरवर हवा काढायची तोंडं आहेत, दोन्हींना पारदर्शक नळ्या लावून उंच बांधल्या आणि बुडबुडे बंद होईपर्यंत भरत राहिलो. कंटाळवाणं काम, पण नागपूरच्या मे महिन्याआधी टाळण्यासारखं नाही.

३० मार्च २०२५

पाडवा. गुढी उभारायच्या आधी, उजाडताच काकांना घेऊन रामटेकला. या वेळी ते ड्रायव्हर सीटवर, मी शेजारी.

गडाच्या वळणांवर त्यांनी पाय उचललाच, दरवेळी. मी काही बोललो नाही. गाडीने नाक जरा आत घेतलं आणि वाट धरली. वर पोचल्यावर उतरून त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मागच्या टायरांवर बूट आपटला.

"काय केलंस तू हिला? मंद झाली नं."

"मंद नाही झाली काका. तेवढ्याच वेगाने आणलीत तुम्ही."

"मग घाबरवत काऊन नाही?"

बुश, टो, टायर, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तरीही परतताना पाय उचललाच. "तीस वर्षांची सवय आहे, एका सकाळीत थोडीच जाते," म्हणाले. मग मनसरच्या आधी स्वतःहून विचारलं, "तो लेआउट अजून रिकामा आहे का?"

आहे. फक्की आणि टँकर सांगून ठेवतो, पण पहाटेचं. दहानंतर काचेच्या छताखाली बसवत नाही. गिअर केबलचे बुश मागवलेत. पुढच्या डाव्या स्ट्रटला तेलाचा ओलावा दिसतोय, तो पावसाळ्याआधी उघडायचा.